बास गिटारचा नेक, त्यातलं लाकूड, सळया आणि टोन: कोल्हापूरच्या बासवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती जवळ आले, ऑर्केस्ट्राच्या तालमी सुरू झाल्या की बासवाली पोरं तेच तेच विचारत येतात, नेक (तारांखालचा लांब दांडा) मेपलचा घेऊ का दुसऱ्या लाकडाचा, कार्बनच्या सळया खरंच कामाच्या असतात का, माझा एकच सूर मरतोय त्याचं काय करू. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

नेकमुळं टोन खरंच बदलतो का, का नुसती दुकानातली भाषा?

बदलतो, पण लोक समजतात तसा नाही. बासचा पिकअप चुंबकाचा असतो, तो लाकूड ऐकत नाही, त्याच्यासमोर तार कशी हलते तेवढंच पकडतो. म्हणजे नेकला टोनमध्ये हात घालायचा असेल तर तो तारेमार्फतच घालता येतो. तार दोन टोकांना टेकलेली असते, एकीकडं ब्रिज, दुसरीकडं नेकच्या टोकाचा नट (तारा टेकायची खाचांची पट्टी) किंवा तुम्ही दाबलेला फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी). ब्रिज जाड बॉडीवर बसलेला असतो, तो फारसा हलत नाही, पण नेक लांब, बारीक आणि एका टोकाला मोकळा, तो हलतोच. दोरी भिंतीतल्या कड्याला बांधून झटका दिला तर लाट परत येते, कोवळ्या फांदीला बांधली तर फांदीच डुलत बसते आणि लाट विरते, तसंच हे. वाकणारा नेक तारेची ताकद खातो, आणि सगळ्या सुरांची सारखी खात नाही, काही ठरावीक सुरांची जास्त खातो.

म्हणून नेकचा परिणाम मुख्यतः तीन ठिकाणी कळतो: सूर किती वेळ टिकतो, सगळे सूर एकसारखे वाजतात का, आणि बोट मारल्या मारल्या पहिला ठोका किती स्पष्ट येतो. आवाज जाड की पातळ, गोड की कडक हे आधी ठरतं ते तारांवर, बोटांवर आणि पिकअप कुठं बसवलाय त्यावर. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं की लाकडाचं नाव नंतर विचारा, नेक किती ताठ आहे ते आधी बघा.

मग मेपल, महोगनी, वेंगे यांच्यात काहीच फरक नाही का?

आहे की, पण तो ताठपणाचा आणि वजनाचा फरक आहे. हार्ड मेपल घनमीटरला साधारण ७०० किलो, महोगनी ६०० च्या आसपास आणि जरा कमी ताठ, वेंगे ८५० च्या वर आणि मेपलपेक्षा बराच जास्त ताठ. लिओ फेंडरनं १९५१ ला प्रिसिजन बास आणला तो मेपलचा नेक लावूनच, ३४ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), आणि तेव्हापासून बासचा आवाज म्हटलं की आपल्या कानात बसलाय तो बोल्टनं जोडलेल्या मेपलचाच. गिब्सनचे जुने ईबी बास महोगनीचे, त्यांचा आवाज गुबगुबीत वाटतो खरा, पण त्यांचं स्केलपण आखूड असतं आणि पिकअप नेकला चिकटून बसवलेला असतो, त्यामुळं सगळं श्रेय महोगनीला देणं चुकीचं आहे. वॉरविकवाले वेंगेसाठी प्रसिद्ध, नंतर त्यांनी ओव्हांगकोलपण लई वापरलं.

आता खरी गंमत जाडीत आहे. नेकचा ताठपणा जाडीच्या घनात वाढतो. म्हणजे २० मिलिमीटरचा नेक २२ चा केला, नुसता दहा टक्के जाड, तर ताठपणा वाढतो जवळजवळ ३३ टक्के. लाकूड बदलून एवढा फरक पडेलच असं नाही, त्यामुळं एक मेपल विरुद्ध दुसरा मेपल यातसुद्धा जमीन-अस्मानाचा फरक निघू शकतो. दोन नेकची तुलना करताना आधी मागनं मुठीत धरून बघा, जाड कोणता, आणि मग लाकडाविषयी बोला.

पाच तुकड्यांचा नेक एका तुकड्यापेक्षा चांगला का?

टोनपेक्षा सरळ राहण्यासाठी चांगला. मेपल-वॉलनट-मेपल अशा पट्ट्या चिकटवताना त्यांची शिर (लाकडाच्या रेषांची दिशा) एकमेकांविरुद्ध ठेवता येते, मग एक पट्टी पिळ घ्यायला लागली तर बाकीच्या धरून ठेवतात. पिळलेला नेक ट्रस रॉडनं (नेकच्या आतली, आवळता येणारी धातूची सळई) सरळ होत नाही हे ध्यानात ठेवा. एका तुकड्याचा नेकही उत्तम असतो, फक्त लाकूड नीट वाळलेलं आणि शिर सरळ पाहिजे.

फ्रेटबोर्ड (नेकवरची फ्रेट बसवलेली फळी) रोझवूडचा घेऊ का मेपलचा?

फ्रेट असलेल्या बासवर तार टेकते ती धातूच्या फ्रेटवर, लाकडाला ती शिवतसुद्धा नाही. फरक असेल तर इतका बारीक की जुन्या तारा बदलून नव्या टाकल्या की तो कुठल्या कुठं वाहून जातो. हाताला कसा लागतो, दिसतो कसा, त्यावर घ्या, बिनधास्त. इंडियन रोझवूड म्हणजे आपलं शिसवच, सह्याद्रीतलं. २०१७ ला त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक नियम आले तेव्हा फेंडरनं मेक्सिकोत बनणाऱ्या बऱ्याच मॉडेलवर पाउ फेरो हे दुसरं लाकूड लावायला सुरुवात केली, २०१९ ला तयार वाद्यांना सूट मिळाली. पाउ फेरो दिसला म्हणून बास हलक्या दर्जाचा समजू नका.

फ्रेटलेसची, म्हणजे फ्रेट नसलेल्या बासची, गोष्ट मात्र वेगळी. तिथं तार थेट लाकडावर टेकते, त्यामुळं फ्रेटबोर्ड किती कडक आहे ते लगेच कानाला कळतं. प्रसिद्ध अमेरिकन बासवादक जॅको पास्टोरियसनं आपल्या १९६२ च्या फेंडर जॅझ बासचे फ्रेट काढून वर इपॉक्सीचा थर दिला होता, तो गाणारा, लांब टिकणारा आवाज येण्यात त्या कडक थराचाही वाटा आहे, आणि राउंडवाउंड (खरबरीत गुंडाळीच्या) तारांनी लाकूड घासून जाऊ नये हा त्यामागचा व्यवहारपण आहे.

माझ्या बासवर जी (G, सगळ्यात बारीक) तारेवर पाचव्या-सहाव्या फ्रेटला सूर लगेच मरतो. बास खराब आहे का?

नाही भावा, खराब नाही. यालाच डेड स्पॉट म्हणतात आणि बोल्टच्या चार तारी बासमध्ये तो हमखास याच भागात सापडतो, जी तारेवर पाच ते सात फ्रेटच्या दरम्यान, लई महागड्या बासमध्येसुद्धा.

होतं असं की नेकला स्वतःची हलायची एक वारंवारता असते, पट्टी टेबलाच्या कडेला धरून वाजवली की ती जशी ठरावीक वेगानं थरथरते तशीच. मोकळी जी तार ९८ हर्ट्झ, पाचव्या फ्रेटचा सी साधारण १३१, सहाव्याचा सी शार्प १३९, सातव्याचा डी १४७. यातल्या एखाद्या सुराची वारंवारता नेकच्या वारंवारतेशी जुळली, आणि बोट दाबलंय ती जागापण नेक जास्त हलणाऱ्या भागात आली, की तारेची सगळी ताकद नेक ओढून घेतो. मूळ सूर एकदम ढासळतो आणि वरचा स्वर तेवढा मागं रेंगाळतो, म्हणून तो सूर मेल्यासारखा आणि पोकळ वाटतो. तोच सूर डी तारेवर बाराव्याच्या आसपास वाजवून बघा, तिथं बऱ्यापैकी टिकतो, कारण तो भाग बॉडीच्या जवळ आहे, तिथं नेक कमी हलतो.

स्वतः तपासायचं असेल तर अँपचा आवाज मध्यम ठेवा, ईक्यू सपाट, जी तारेवर पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत प्रत्येक सूर एकाच ताकदीनं मारा आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावून सूर विरेपर्यंत थांबा. घाई करू नका. मग हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) मित्राला घट्ट धरायला सांगा किंवा हळूच भिंतीला टेकवा आणि परत तोच मेलेला सूर मारा. तो जिवंत झाला तर नेकच खात होता हे पक्कं.

उपाय? हेडस्टॉकला वजन लावलं की नेकची वारंवारता खाली सरकते. यासाठी फॅट फिंगर नावाचा पितळी क्लॅम्प मिळतो, नाहीतर सुताराचा छोटा जी-क्लॅम्प आतून रबर लावून बसवून बघा, प्रयोगाला तेवढा पुरतो. पण एक सांगतो, डेड स्पॉट जात नाही, तो सरकतो. आपल्या गाण्यात कमी लागणाऱ्या सुरावर, नाहीतर दोन सुरांच्या मधल्या जागेत सरकला तर जिंकलात. हलक्या मशीनहेड (तारा ताणायच्या खुंट्या) लावल्या तर उलट वर सरकतो. एवढं करूनही नाही जमलं तर तो सूर दुसऱ्या तारेवर वाजवा, मोठमोठे वाजवणारे तेच करतात.

ट्रस रॉड नेमकं काय करतो? तो घट्ट केला की टोन सुधारतो म्हणतात.

चार तारांचा एकूण ताण धरला तर ७५ ते ८० किलोच्या घरात जातो, पाच तारी असेल तर आणखी जास्त. हा ताण नेकला रात्रंदिवस पुढं वाकवत असतो, रॉड त्याच्या उलट ढकलतो, बस एवढंच त्याचं काम. गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यूला याचं पेटंट १९२३ ला मिळालं, कल्पना अजून तीच चालू आहे. सिंगल ॲक्शन रॉड एकाच बाजूला ढकलतो, टू-वे दोन्हीकडं. रॉड टोनसाठी आवळायचा नसतो, नेक योग्य तेवढा सरळ करायला आवळायचा असतो. टोनमध्ये जो फरक वाटतो तो तारांची उंची बदलल्यामुळं.

एक गोष्ट मात्र टोनची आहे. रॉड अगदी ढिला असेल तर तो आत खणकतो, ठरावीक सुराला आतून झर्र असा आवाज येतो आणि माणूस फ्रेट बझ (तार फ्रेटला घासून येणारी झरझर) समजून फ्रेट घासायला निघतो. नेकच्या मागं तळव्यानं हलकं थोपटा, आत काहीतरी वाजल्यासारखं वाटलं तर आधी रॉड जरासा ताणात आणा.

चावीची काळजी घ्या. अमेरिकन बासना इंचातली ॲलन की लागते, आपल्याकडच्या हार्डवेअर दुकानात पटकन मिळते ती मिलिमीटरची. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर, ५ ची बसत नाही आणि ४.५ ची ढिली बसून रॉडच्या नटाची कोनं खाऊन टाकते, मग ते काम निस्तरायला नेकच्या पैशाइतका खर्च. चावी आत पूर्ण बसल्याशिवाय जोर लावायचा नाही.

नेकमध्ये कार्बनच्या सळया, टायटॅनियमच्या सळया असतात त्यांचा उपयोग काय?

या माझ्या मते खर्च केलेल्या पैशाला जागणाऱ्या गोष्टी आहेत. कार्बन फायबरची सळई लाकडाच्या जवळजवळ दहापट ताठ असते आणि पोलादाच्या पाचव्या हिश्श्याइतकी हलकी. ट्रस रॉडच्या दोन्ही बाजूंना, फ्रेटबोर्डच्या खाली चर पाडून या दोन पट्ट्या इपॉक्सीनं चिकटवतात, साधारण ३ मिलिमीटर रुंद आणि ९ ते १० मिलिमीटर उंच, आणि त्या उभ्याच बसवायच्या असतात कारण ताठपणा उंचीतनं येतो, आडव्या बसवल्या तर बहुतेक फायदा गेला. फेंडरनं आपल्या वरच्या दर्जाच्या मालिकांत पोझिफ्लेक्स नावानं ग्राफाइटच्या सळया दिल्यात, आयबानेझच्या महागड्या एसआरमध्ये टायटॅनियमच्या असतात. टायटॅनियम पोलादापेक्षा हलकं, कार्बनपेक्षा जड, गंजत नाही.

टोनमध्ये काय होतं तर सूर जास्त एकसारखे वाजतात, खालच्या तारेचा ठोका आवळून येतो, डेड स्पॉट सहसा वरच्या सुराकडं सरकतो आणि पुष्कळदा सौम्य होतो. पावसाळा-उन्हाळ्यात नेक कमी हलतो हा फायदा वेगळाच. ज्यांना जुन्या प्रिसिजनचा तो जरा फुगलेला, मऊ, लवकर विरणारा ठोका आवडतो त्यांना मात्र सळया नको वाटतील, आणि तेही बरोबरच आहे, कारण रेगे नाहीतर जुनी सोल वाजवताना सूर लांबत बसला तर गर्दी होते.

अख्खा ग्राफाइटचा नेक कसा वाजतो?

स्वच्छ, सपाट, लांब. जेफ गुल्ड हा अंतराळ क्षेत्रात काम केलेला माणूस, त्यानं ॲलेंबिक कंपनीबरोबर १९७७ च्या सुमारास पहिला ग्राफाइट नेकचा बास करून दाखवला आणि पुढं मॉड्युलस कंपनी काढली, रेड हॉट चिली पेपर्सच्या फ्लीनं मॉड्युलस बरीच वर्षं वाजवला. नेड स्टाइनबर्गरनं तर १९८० च्या आसपास हेडस्टॉकच काढून टाकला आणि अख्खा बासच कंपोझिटचा केला. लेव्हल ४२ बँडच्या मार्क किंगच्या हातातला स्टेटस कंपनीचा बास ऐका म्हणजे या नेकचा स्लॅप (अंगठ्यानं तार ठोकून वाजवणं) कसा वाजतो ते कळेल. फ्रान्सच्या व्हिजिएनं मधला मार्ग काढला, ९० टक्के लाकूड, १० टक्के कार्बन आणि ट्रस रॉडच नाही.

काहींना हा आवाज थंड वाटतो. मला स्लॅपला आवडतो, भावगीतामागं वाजवायला लाकूडच बरं वाटतं.

उद्यमनगरात ओळखीत व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातू कोरायचं) मशीन आहे, ॲल्युमिनियमचा नेक करून घेऊ का?

आपल्या कोल्हापुरात हा प्रश्न येणारच! करता येईल, ट्रॅव्हिस बीन आणि क्रेमरनं सत्तरच्या दशकात केलेत. पण ओतीव माल नको, ६०६१ सारखा मिश्रधातूचा ठोकळा घ्या. ॲल्युमिनियमची घनता २.७, म्हणजे मेपलच्या जवळजवळ चौपट, भरीव ठेवला तर बास पट्ट्यावर सोडल्या सोडल्या हेडस्टॉक जमिनीकडं जाणार, म्हणून आतनं पोकळ करावा लागतो. क्रेमरनं मागं लाकडाच्या पट्ट्या बसवल्या होत्या, वजनासाठी आणि हाताला गार लागू नये म्हणून.

मोठी अडचण सुराची. ॲल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट प्रसरण पावतं. एसी हॉलमधनं बाहेर मांडवात आलात, वरनं हॅलोजन, नेक तापला की लांबतो आणि तारा ताणून सूर चढतो. दर दोन गाण्यांनी ट्यूनर बघायची तयारी असेल तर करा. आवाज मात्र घंटेसारखा खणखणीत येतो, नाद खुळा.

जुन्या वाड्याच्या तुळईचं सागवान आहे घरात. त्याचा नेक होईल का?

होईल, आणि मला हा विचार मनापासून आवडतो. सागवान घनमीटरला ६५० किलोच्या आसपास, ताठपणात मेपलच्या अगदी जवळ, आणि दमट हवेत फुगण्या-आकसण्याचं प्रमाण कमी, म्हणूनच तर जहाजांना वापरतात. पन्नास-शंभर वर्षं वाळलेली तुळई म्हणजे सोनंच. फक्त आधी खिळे शोधा, चुंबक फिरवून बघा, नाहीतर रंध्याचं पातं गेलं. शिर टोकापासून टोकापर्यंत सरळ जाणारा भाग निवडा, गाठ चालणार नाही, आणि तुकडा असा कापून घ्या की टोकाकडनं बघताना वर्षवलयांच्या रेषा उभ्या दिसतील.

सागवानात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळं डिंक धरत नाही. फ्रेटबोर्ड चिकटवायच्या अगदी आधी ताजा पॉलिश पेपर मारायचा, ॲसिटोननं पुसायचं आणि लगेच इपॉक्सी लावायची. वर शिसवाचा फ्रेटबोर्ड आणि आत दोन कार्बनच्या पट्ट्या टाकल्यात तर असा नेक कुठल्याही कंपनीच्या नेकपुढं उभा राहील.

मिरजेच्या कारागिरांकडनं नेक करून घेता येईल का?

मिरजेचं काम अव्वल आहेच, तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ ला जीआय मानांकन मिळालं. पण सतारीची दांडी पोकळ आणि तुणीच्या हलक्या लाकडाची असते, पडदे बांधलेले आणि सरकणारे असतात, तारा बारीक असतात. बासला भरीव कडक लाकूड, ट्रस रॉडचा चर आणि मिलिमीटरच्या दशांशात मोजून पाडलेल्या फ्रेटच्या खाचा लागतात. ते काम वेगळं आहे. हाडाचा नट घासून घेणं किंवा हातानं पॉलिश यासाठी मात्र असा हात दुसरीकडं मिळायचा नाही.

पावसाळ्यात माझा बास बझ मारतो किंवा ॲक्शन (तारांची उंची) एकदम वर जाते. लाकूड वाईट आहे का?

जून ते सप्टेंबर आपल्याकडं हवा कायम ओली, एप्रिल-मे कोरडं, लाकूड हलणारच. कुणाचा नेक पुढं वाकतो, कुणाचा मागं जातो, ते फ्रेटबोर्ड आणि मागचं लाकूड किती-किती फुगतं त्यावर आहे. वर्षातनं दोनदा रिलीफ (नेकचा हलका बाक) बघायची सवय लावा. पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटचा फ्रेट दाबायचा, आणि सातव्या-आठव्याला तार आणि फ्रेटमधली फट मोजायची. ०.२५ ते ०.४ मिलिमीटर चांगली. गाडीचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात ते फिलर गेज घ्या, स्वस्तात मिळतं, ०.३० चं पान अलगद सरकलं पाहिजे. फट जास्त असेल तर रॉड आवळा, कमी असेल तर सोडा, एका वेळी पाव आटाच, आणि मग अर्धा तास थांबून परत मोजा.

रोस्टेड मेपल याच कामाला आहे. कमी ऑक्सिजनमध्ये भाजून त्यातला ओलावा आणि साखर घालवतात, मग ते हवेतलं पाणी कमी पितं. कोल्हापूर-गगनबावडा पट्ट्यात राहणाऱ्यानं नवीन नेक घेताना याचा विचार जरूर करावा. भाजल्यानं जरा ठिसूळ होतं, म्हणून स्क्रूला आधी भोक पाडूनच स्क्रू घाला.

बोल्ट-ऑन (स्क्रूनं जोडलेला), सेट नेक (चिकटवलेला), नेक-थ्रू (बॉडीतनं आरपार गेलेला) यांत सस्टेन (सूर टिकणं) कुणाचा जास्त?

जोड घट्ट असेल तर बोल्टवालाही मागं राहत नाही. तारा ताणात असताना चारही स्क्रू पाव आटा सोडा, कट्ट असा आवाज येऊन नेक खाचेत बसला तर बसू दे, आणि परत घट्ट आवळा. कधीकधी यातच सूर मोकळा होतो. आत कागदाचे तुकडे घातलेले असतील तर काढून पूर्ण खाच भरणारी लाकडी पट्टी घाला.

पाच तारी बासची बी (B, सगळ्यात जाड) तार ढब-ढब वाजते, नेक बदलू का?

मोकळी बी म्हणजे फक्त ३१ हर्ट्झ. तिला ताठ नेक लागतो हे खरं, ३५ इंच स्केलनंही ती ताणात येते. पण आधी तार बदला, १३० ची (०.१३० इंच) जाड तार लावून बघा, पिकअपची उंची त्या बाजूला थोडी कमी करा, आणि अँपचा स्पीकर एवढं खालचं वाजवतो का ते बघा. छोट्या दहा इंची स्पीकरच्या कॉम्बो अँपवर जगातली कुठलीच बी नीट वाजत नाही.

दुकानात बास निवडताना नेकचं काय बघू?

हेडस्टॉककडनं एका डोळ्यानं फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडा बघा, पिळ असेल तर तिथंच ठेवून या. बास मांडीवर घ्या, तार मारून हेडस्टॉक पुढं हलकं ढकला, सूर किती हलतो त्यावरनं नेक किती लवचिक ते कळतं. रॉडच्या नटावर अजून आवळायला जागा आहे का ते विचारा. मग अँप बंद ठेवून जी तारेवरचे सगळे सूर एकेक करत ऐका, डाव्या हाताला नेक कुठं थरथरतो ते जाणवतंच. एकाच मॉडेलचे दोन पीस असतील तर दोन्ही मागून घ्या, दुकानदार कंटाळला तरी चालेल, कारण त्या दोघांतला एक नक्की जास्त एकसारखा वाजणार.